वीस तारीख जवळ आली की धडधड

प्रश्न: ताई, मी एका छोट्या टॅक्स ऑफिसात अकाउंटंट आहे. क्लायंट बिलं अगदी शेवटी पाठवतात, मग रात्री उशिरापर्यंत बसावं लागतं. काय करू?

उत्तर: अगं, मंथलीवाल्यांची (दर महिन्याला जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांची) जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, तारीख ११ आणि ३बीची, म्हणजे कर भरायच्या रिटर्नची, २० हे ठरलेलंच आहे ना, मग १ तारखेपासूनच व्हॉट्सअ‍ॅपवर बिलं मागायला लाग आणि रोज सकाळी मेल उघडायच्या आधी दोन-तीनच क्लायंटची एंट्री करून टाक, बस. १४ तारखेला २बी (विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारं खरेदीचं स्टेटमेंट) आलं की त्याच्याशी खरेदी पण अशीच रोज थोडी थोडी जुळवायची, कारण खरा वेळ तिथेच जातो, एंट्रीत नाही. उशीर करणारे दोन-चार राहतीलच (कुठल्या ऑफिसात नसतात?), त्यांना लेट फीचं आधीच सांगून ठेव.