पिशवीतले चौदा रिपोर्ट

काकांनी साडीच्या दुकानाची पिशवी टेबलावर उलटी केली. आत लॅबचे चौदा रिपोर्ट. चौदाही एएफपीचेच (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं प्रथिन), महिन्याला एक. प्रत्येक आकड्याखाली लाल पेनाची रेघ.

काका एसटीत ड्रायव्हर होते, वय 57. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) सिर्‍हॉसिस (लिव्हरवर वण पडून ते कडक होणं) कळून सव्वा वर्ष झालेलं. दारू त्याच दिवशी सोडलेली.

"मॅडम, एकच सांगा. सिर्‍हॉसिस म्हणजे आज ना उद्या कॅन्सर, असंच ना?"

लिव्हरच्या ओपीडीत हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. "छे हो, काही होत नाही" असं मी म्हणत नाही. माणूस घरी जाऊन मोबाइलवर शोधतो आणि मग आपल्या कशावरच विश्वास ठेवत नाही. म्हणून सरळ सांगितलं, सिर्‍हॉसिस असलेल्या शंभर जणांत वर्षाला साधारण दोन ते चार जणांना लिव्हरचा कॅन्सर होतो, मूळ आजार कोणता त्यावर कमी-जास्त.

"म्हणजे शहाण्णव जणांना नाही," काकू पटकन म्हणाल्या.

"त्या वर्षी नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून."

मग विचारलं, सोनोग्राफी शेवटची कधी केली? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. आजार कळला तेव्हाची, एकच. चौदा वेळा रक्त दिलं, पण पोटावर मशीन एकदाही फिरलं नाही! गाठ असूनही एएफपी नॉर्मल राहू शकतं आणि लिव्हरला नुसती सूज असली तरी वाढू शकतं. मुख्य तपासणी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. एएफपी तिच्या जोडीला. गाठ दुप्पट व्हायला सहसा काही महिने जातात, त्यामुळे सहा महिन्यांच्या फेरीत ती लहान असतानाच हाती लागायची शक्यता जास्त. लहान गाठ कापून काढता येते, सुई घालून जाळता येते, काहींना प्रत्यारोपणाचाही मार्ग असतो.

फाइल चाळताना खरी गोष्ट पुढे आली. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह, गोळीही सुरू. घरात मात्र सगळ्यांच्या तोंडी दारूच. "यांनी स्वतःच्या हाताने करून घेतलं," हे काकूंचं वाक्य त्या तासाभरात तीनदा आलं. दारूने नुकसान केलंच, पण बीचा विषाणू स्वतःच कॅन्सरची जोखीम वाढवतो, सिर्‍हॉसिस नसतानाही. दोन्ही एकत्र आले की आणखी. त्यात पुरुष, पन्नाशी उलटलेली, डायबेटिस आणि खिशात तंबाखूची पुडी. वय काही मागे नेता येत नाही. साखर आटोक्यात आणणं, पुडी टाकणं, वजन उतरवणं, हे हातातलं. बीची गोळी डॉक्टरांना न विचारता एक दिवसही बंद करायची नाही. तिने जोखीम कमी होते, पण संपत नाही, म्हणून सोनोग्राफी चालूच. आणि दारू? "एखाद्या लग्नात थोडी?" "नाही."

उठता उठता काकूंनी शेंगदाण्यांचं विचारलं. बुरशी लागलेले दाणे भाजून कुटात घातले तर चालतील ना? बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन भाजल्याने पूर्ण जात नाही आणि तेही लिव्हरच्या कॅन्सरला हातभार लावतं. असे दाणे सरळ फेकायचे. काकू गप्प झाल्या. घरी अर्धा डबा असावा.

मी विचारलं, "काका, वडील कशाने गेले?"

"कावीळ झाली होती. पोटात पाणी. ते तर माळकरी. थेंबाला शिवले नाहीत कधी."

बोलता बोलता ते थांबले. बी बऱ्याचदा आईकडून बाळंतपणात येतो, घरातल्या एकाला असला तर बाकीच्यांनी तपासावं, असं मी मघाशीच सांगितलं होतं. मुलं दोन, धाकटा भाऊ गावी. तपासणी रक्ताची, निगेटिव्ह आली तर लस घेता येते.

काकांनी रिपोर्ट पिशवीत भरले आणि तिथेच बसून फोन लावला.

"बाळू, ऐक. उद्या तालुक्याला जाऊन रक्त दे. नाही रे, मी बरा आहे. तुझंच बघायचंय."