पेरणी यंत्राचे चाक चिखलाने भरते, तेव्हा ट्रिझ नेमके कुठे लावायचे?

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दिग्रसकडच्या तुमच्या वर्कशॉपमध्ये तयार झालेल्या ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राचे ड्राइव्ह चाक, म्हणजे ज्याच्या फिरण्यावर बी टाकणारा रोलर फिरतो ते चाक, काळ्या जमिनीत चिखलाने भरते, भरले की फिरण्याऐवजी घसटत जाते, आणि तेवढ्या पट्ट्यात बी न पडल्यामुळे सोयाबीनच्या ओळीला तुटाळ पडते. चाकाचे दाते लांब ठेवले तर त्यांच्यामधल्या जागेत चिखल बसतो, आखूड केले तर पकड सुटते, म्हणून तुम्ही दोन इंचांवरून सव्वा इंचावर आलात, आणि तरीही कास्तकारांच्या तक्रारी थांबल्या नाहीत. पुढे कोणी तरी ट्रिझ या नवीन शोध काढण्याच्या पद्धतीचे नाव सांगितल्यावर तुम्ही तिचा चाळीस तत्त्वांचा तक्ता उतरवून घेतला आणि आता विचारता आहात की हा तक्ता पंचांगासारखा वाटतो, यातून चाक कसे निघणार.

तक्त्यातून चाक निघत नाही, हे आधीच सांगतो. समुद्रपूर तालुक्यात शेती अवजारांचे वर्कशॉप चालवताना मीही सुरुवातीला तीच चूक केली होती. तक्ता हा या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध आणि माझ्या मते सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे. खरे काम त्याच्या आधीचे आहे, आणि ते वहीत पेनाने करायचे आहे.

ही पद्धत उभी करणारे गेन्रिख अल्टशुलर १९४६ च्या सुमारास बाकू येथे सोव्हिएत नौदलाच्या कॅस्पियन ताफ्यात नवीन शोधांचे अर्ज तपासण्याच्या कामावर होते. शेकडो अर्ज हाताखालून गेल्यावर त्यांच्या लक्षात आले की सामान्य सुधारणा आणि खरा शोध यांत एक ठळक फरक असतो. सामान्य सुधारणेत एक गुण वाढवण्यासाठी दुसरा थोडा सोडून दिला जातो, तर खऱ्या शोधात ज्या दोन मागण्या एकमेकींच्या आड येत होत्या त्या दोन्ही पूर्ण होतात. १९५० मध्ये त्यांना अटक झाली, व्होर्कुटाच्या छावणीत राहावे लागले, १९५४ मध्ये सुटका झाली, आणि १९५६ मध्ये राफाएल शापिरो या सहकाऱ्यासोबत त्यांनी या विचाराचा पहिला लेख छापला. चाळीस तत्त्वे आणि एकोणचाळीस गुणांचा तक्ता, म्हणजे आड येणारे दोन गुण निवडले की त्यांच्या चौकोनात कोणती तत्त्वे लावून पाहावीत ते सांगणारा, हे सगळे पुढचे आहे. मूळ गोष्ट आड येणाऱ्या दोन मागण्यांची आहे. त्या दृष्टीने पाहिले तर तुमचा सव्वा इंच हा दोन त्रुटींच्या मध्यावर काढलेला तोडगा आहे. त्याने पकडही अर्धी मिळते आणि चिखलही अर्धा बसतो.

आपल्याकडच्या कास्तकाराला ही युक्ती नवीन नाही. वखर हलका असला की कडक जागेवर त्याची पास, म्हणजे लोखंडी पाते, वर उचलली जाते आणि जड केला की बैल थकतात. यावर कोणी मध्यम वजनाचा वखर शोधत बसले नाही. वखर हलकाच ठेवला, कडक पट्टा आला की त्यावर दगड ठेवला किंवा वखरणाऱ्याने पाय देऊन भार टाकला, आणि पट्टा संपला की भार काढून घेतला. म्हणजे वखर जड असावा आणि हलकाही असावा, या दोन मागण्या वेळेवर वाटून दिल्या, आणि त्यासाठी लागणारे वजन बाहेरून विकत न आणता जे वावरातच उभे होते तेच वापरले. ट्रिझमध्ये पहिल्या गोष्टीला वेळेनुसार विभाजन आणि दुसरीला उपलब्ध साधनांचा वापर म्हणतात.

आता तुमच्या चाकाकडे येऊ. वहीत आधी हे लिहा: दाते लांब असतील तर चाक पकड घेते, पण चिखल धरते, दाते आखूड असतील तर चिखल सुटतो, पण चाक घसरते. त्याखाली हीच गोष्ट आणखी टोकाला नेऊन लिहा, की दाता असला पाहिजे आणि दाता नसला पाहिजे. हे वाक्य वेडगळ वाटते, पण ते तसेच राहू द्यावे, कारण पुढचा प्रश्न त्याच्यामुळेच विचारता येतो: दाता कुठे आणि केव्हा असला पाहिजे, आणि कुठे आणि केव्हा नसला पाहिजे?

इथे थोडा वेळ थांबा आणि चाकाचा एक फेरा डोळ्यांसमोर आणा. ५० सेंटीमीटर व्यासाच्या चाकाचा घेर साधारण १५७ सेंटीमीटर भरतो. त्यातला कोणताही एक दाता जमिनीत असतो तो फेऱ्याच्या अगदी खालच्या, लहानशा भागात, आणि उरलेला बहुतेक फेरा तो हवेत असतो. पकड फक्त खाली हवी आहे. चिखल मात्र वर जाताना सुटायला हवा. म्हणजे तुमच्या दोन मागण्या एकाच वेळी, एकाच जागी कधी भांडतच नव्हत्या. आपण चाकाला एक अखंड, न बदलणारी वस्तू मानले, म्हणून त्या भांडताना दिसत होत्या. या प्रश्नात सगळ्यांत जास्त वेळ या एका पायरीवर घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे एकदा दिसले की उत्तरे दुसऱ्या धंद्यांत सापडू लागतात. सोयाबीन काढायला आपल्याकडे हार्वेस्टर येतात, त्यांच्या पुढच्या आडव्या ऑगरमध्ये, म्हणजे पीक आत ओढणाऱ्या फिरत्या नळीत, लोखंडी बोटे असतात ती एकदा बारकाईने बघा. ती बोटे पुढच्या बाजूला बाहेर येऊन पीक ओढतात आणि मागच्या बाजूला आत जाऊन ते सोडून देतात, कारण ज्या दांड्यावर ती बसवलेली असतात तो ऑगरच्या मध्यापासून सरकवलेला असतो. पीक धरायचे आणि सोडायचेही, हा तुमचाच प्रश्न आहे, फक्त चिखलाच्या जागी पीक आहे. चाकाच्या कड्याला भोके ठेवून मधला दांडा मध्यापासून खाली सरकवला, तर दाते जमिनीवर बाहेर येतील आणि वर आत जातील, आणि आत जाताना कड्याच्या भोकातूनच ते पुसलेही जातील.

तरीही ते चाक मी तुम्हाला सुचवणार नाही. प्रत्येक दात्याला सरकणारा सांधा आला, तो सांधा चिखलात आणि मातीत चालणार, आणि जूनच्या शेवटी दोन दिवसांचा वाफसा मिळालेला कास्तकार बुशिंग बदलायला तुमच्या दारात येऊन उभा राहणार. इथे ट्रिझचे दुसरे साधन उपयोगी पडते, ते म्हणजे आदर्श अंतिम फळ. त्याचे वाक्य असे लिहायचे की चाक, काहीही न जोडता, स्वतःच चिखल टाकून देते. मग विचारायचे की चाकाजवळ फुकट काय काय आहे. त्याच्यावर स्प्रिंगचा दाब आहे, तो दाब खाली येतो आणि वर जाताना निघून जातो. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक जागेला एक दाब-सूट मिळतेच आहे, ती आपण वापरत नव्हतो.

चिखल का चिकटतो, हेही इथेच समजून घ्यायला हवे. आपल्या भारी काळ्या जमिनीत फुगणारी चिकणमाती भरपूर असते, आणि ठरावीक ओलाव्याला तिची लोखंडाला धरण्याची ताकद तिच्या स्वतःच्या कणांनी एकमेकांना धरण्याच्या ताकदीपेक्षा जास्त होते. तेव्हा ती लोखंडापासून सुटण्याऐवजी मधेच तुटते आणि एक थर लोखंडावर ठेवून जाते, त्या थरावर पुढचा थर बसतो. घासून चकाकणाऱ्या पाशीला माती कमी धरते आणि गंजलेल्याला जास्त, हे कोणताही वखरणारा सांगेल. पण चाकाचा दात्यांमधला खोलगट भाग घासला जात नाही, तो कधीच चकाकणार नाही. म्हणून तो पृष्ठभाग गुळगुळीत करण्यापेक्षा तो हलवणे सोपे.

माझी यातली पहिली धडपड फसली होती. मी चाकाच्या मागे खरवडणारी पट्टी लावली. वर्कशॉपच्या आवारात चिखल कालवून चाक फिरवले तेव्हा ती छान चालली, आणि पहिल्याच वावरात पऱ्हाटीचे धसकट पट्टी आणि कड्याच्या मध्ये अडकून चाकाला ब्रेक लागला. तुटाळ आधीपेक्षा वाढली. ती पट्टी मी त्याच दिवशी धुऱ्यावर कापून टाकली. नंतर कळले की मी चिखल काढण्यासाठी एक नवीन भाग जोडला होता, आणि नवीन भाग नवीन भांडण घेऊन येतो.

पुढे जे चालले ते असे. दोन बाजूंना दोन गोल कडी घेतली आणि त्यांच्यामध्ये बारा आडवे अँगल वेल्ड केले, म्हणजे दोन अँगलमध्ये साधारण १३ सेंटीमीटर अंतर राहिले. हे अँगलच दाते. त्यांच्या आतल्या बाजूने रबराचा पट्टा गोल फिरवून प्रत्येक अँगलला नटबोल्टने बांधला, दोन अँगलच्या मधल्या जागेत त्याला आतून कोणताही आधार दिला नाही. चाक खाली आले की माती पट्ट्याला आत दाबते, तो आत फुगतो; चाक वर गेले की दाब निघतो, पट्टा ताणून सरळ होतो आणि बसलेला चिखल बाहेर ढकलतो. ओलावा जास्त असेल तेव्हा चिखलाची वडी पडावी तशी ती माती मागे पडताना दिसते. तक्त्याच्या भाषेत सांगायचे तर यात लवचीक आवरणाचे तिसावे तत्त्व आहे, स्वतःची सेवा स्वतः करण्याचे पंचविसावे आहे, पण मी ते आकडे नंतर लावले आहेत.

पट्टा पातळ घ्या. माझा पहिला पट्टा जाड कन्व्हेयर बेल्टचा होता, वणीकडून आलेल्या भंगारातला, तो वाकलाच नाही. ट्रकच्या ट्यूबचे रबर उलट फारच मऊ, ते धसकटाने फाटते. आतमध्ये कापडाचा एकच थर असलेला पातळ पट्टा मला बरा पडला. तोही कायमचा नाही. बोल्टच्या भोकापाशी तो फाटत जातो, म्हणून भोकाखाली रुंद वायसर द्या आणि पट्टा एकसंध न ठेवता तीन तुकड्यांत बांधा, म्हणजे फाटलेला तेवढाच तुकडा बदलता येईल.

एक आणखी टोकाचे उत्तर आहे, ते प्रामाणिकपणे नोंदवतो. आदर्श चाक म्हणजे नसलेले चाक. बी टाकणारा रोलर ट्रॅक्टरच्या बॅटरीवरच्या छोट्या मोटरने फिरवायचा, आणि वेग ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकावरून मोजायचा, कारण त्या चाकाला मग काही ओढायचे नसते, फक्त मोजायचे असते. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत मोटरवर चालणारी बियाणे मोजणी आता दिसते. तुमच्या गावात ती दुरुस्त करणारा माणूस आहे का, यावर मी ते सोडतो.

तुम्ही शेवटी एका ओळीत फ्रेम वाकण्याचेही विचारले आहे, की जाड अँगल घेतला तर वजन वाढते. तिथे तक्ता लावून बघितला तर हलत्या वस्तूचे वजन विरुद्ध मजबुती या चौकोनात २८, २७, १८ आणि ४० ही तत्त्वे मिळतात, म्हणजे यांत्रिकीऐवजी दुसरे क्षेत्र, स्वस्त अल्पायुषी वस्तू, कंपन आणि संमिश्र पदार्थ. यातले काहीही तुमच्या कामाचे नाही. फ्रेम तिथे पिळली जाते, आणि पिळाला उघडा अँगल फार कमकुवत असतो. तितक्याच वजनाचा बंद चौकोनी पाइप कितीतरी कडक असतो. हे उत्तर त्या चौकोनात नाही, तुमच्या स्टीलच्या दुकानात आहे.

आता काम सुरू करण्याआधी एक मोजमाप करा, नाहीतर सुधारणा झाली की नाही हे तुम्हाला कास्तकारांच्या तोंडूनच कळेल. चाकाच्या एका अँगलला रंगीत चिंधी बांधा, कोरड्या जमिनीवर ५० मीटर चालवून फेरे मोजा, आणि तेच ओल्या वावरात मोजा. समजा कोरड्यात ३२ फेरे झाले आणि ओल्यात २६, तर घसरण सुमारे १९ टक्के आहे, आणि रोलर चाकालाच बांधलेला असल्यामुळे बीसुद्धा तितकेच कमी पडते आहे. एकरी ३० किलोवर लावलेले यंत्र प्रत्यक्षात जेमतेम २४ किलो टाकते, आणि तेही एकसारखे कमी न पडता तुटाळीच्या पट्ट्यांत कमी पडते. जुन्या आणि नवीन अशा दोन्ही चाकांचे फेरे त्याच वावरात, त्याच दिवशी मोजा, कारण दुपारपर्यंत ऊन पडले तर ओलावा बदलतो आणि आकड्यांची तुलना राहत नाही. नवीन चाक बसवल्यावर यंत्राचे कॅलिब्रेशनही पुन्हा करा, चाक उचलून फेरे देऊन खाली पडलेले बी तोलून. रबर आत दबत असल्यामुळे चाकाचा चालता घेर जुन्या चाकाइतका राहत नाही. ते फेरे इथे लिहिलेत तर पट्ट्याची जाडी आणि अँगलमधले अंतर यांवर पुढे बोलता येईल.