एसए-५१७ या उच्च ताकदीच्या स्टीलच्या प्रेशर व्हेसलचं (दाबाच्या टाकीचं) एसआर, म्हणजे वेल्डिंगनंतर भट्टीत तापवून आतला ताण सोडवणं (स्ट्रेस रिलीफ), ६२० अंशांवर केलं तर चालेल का?

नको. ६२० अंश सेल्सिअस हा आकडा तुमच्या एसए-५१६ ग्रेड ७० च्या जॉबना चालतो. त्या साध्या कार्बन स्टीलला एएसएमई कोडची (प्रेशर व्हेसलच्या नियमावलीची) किमान मर्यादा ५९५ आहे आणि थोडं वर गेलं तरी फारसं बिघडत नाही. तुमचा आत्ताचा जॉब मात्र ४० मिमी एसए-५१७ ग्रेड एफचा आहे. ही प्लेट मिलमध्ये क्वेंच (तापवून झटकन थंड) करून टेम्पर (पुन्हा मध्यम तापवून चिवट) केलेली असते, तिची ६९० एमपीएची यील्ड (कायमची वाकायला लागण्याआधीची ताकद) त्यातूनच येते. स्पेसिफिकेशनप्रमाणे टेम्परिंग ६२० च्या खाली नसतं. प्रत्यक्षात किती होतं ते मिल सर्टिफिकेटवर बघा. एसआर त्या आकड्याला टेकलं की प्लेट पुन्हा टेम्पर होते, ताकद उतरते, आणि ती परत आणायला अख्खं व्हेसल क्वेंच करावं लागेल, जे कोणी करत नाही.

एएसएमई कोडच्या सेक्शन ८, डिव्हिजन १ मध्ये या स्टीलसाठी यूएचटी-५६ चा तक्ता बघा: ५४० ते ५९५. मी ५६५ ठेवून वरखाली १५ ची मुभा देईन. सोकिंग (त्या तापमानाला धरून ठेवणं) २५ मिमीला एक तास, म्हणजे ४० मिमीला साधारण १ तास ३५ मिनिटं. जॉब टाकताना भट्टी ४२५ च्या वर नको. ४२५ च्या पुढे चढताना ताशी १४० अंश आणि उतरताना ताशी १७५ अंशांपेक्षा घाई नको.

खरी भीती वेगळीच आहे: रीहीट क्रॅकिंग, म्हणजे पुन्हा तापवताना पडणाऱ्या भेगा. वेल्डलगतच्या जाड कणांच्या पट्ट्यात, तापवताना व्हॅनेडियम आणि मॉलिब्डेनमची बारीक कार्बाइडं कणांच्या आत जमतात. कण कडक होतात, कणसीमा तुलनेने कमजोर राहतात, आणि सुटणाऱ्या ताणाचा सगळा भार त्या सीमांवर येतो. भेगा बहुतेक वेल्डच्या टोला (वेल्ड आणि प्लेट जिथे मिळतात त्या कडेला) सापडतात, त्यातही नोझलच्या (पाइप जोडायच्या तोंडाच्या) जोडाला. म्हणून एसआरच्या आधीच टो ग्राइंड करून गुळगुळीत करा, अंडरकट (वेल्डच्या कडेची खाच) ठेवू नका, वेल्डिंग करताना हीट इनपुट (वेल्डमधून जाणारी उष्णता) बांधून ठेवा. ई११०१८-एम चे वेल्डिंग रॉड ओव्हनमध्ये भाजूनच वापरा, म्हणजे ओलाव्यातून हायड्रोजन शिरणार नाही. हायड्रोजनची भेग एसआरने बुजत नाही.

थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) जॉबलाच वेल्ड करा, भट्टीच्या हवेचं तापमान कामाचं नाही. सर्वात जाड आणि सर्वात पातळ जागी, वर आणि खाली, दोन्हीकडे लावा. ज्वाळा थेट लागत असेल तर थर्मोकपलच्या टोकावर इन्सुलेशन घाला. सॅडल (खालचे आधार) पुरेशा ठेवा, नाहीतर शेल (व्हेसलचं अंग) बसेल. मशीन केलेल्या फ्लँज फेसना आधी लेप द्या.

मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी (चुंबक आणि लोहकणांनी भेगा शोधणं) एसआरच्या आधी करून थांबू नका, नंतर आणि हायड्रोटेस्टनंतरही (पाण्याच्या दाबाच्या चाचणीनंतरही) करा. आणि प्लेटच्या टेस्ट कूपनला (चाचणीसाठी ठेवलेल्या तुकड्याला) दुरुस्तीनंतरच्या एका जादा एसआर सायकलसकट भट्टीतला सगळा वेळ आत्ताच द्या. नाहीतर भेग निघाली, वेल्ड दुरुस्त केलं, तरी दुसऱ्या एसआरनंतर प्लेटची ताकद किती उरली याचा कागद इन्स्पेक्टरला दाखवता येणार नाही.