'द हंगर गेम्स' हातात घेतलंस तर

पोरासोरांचं पुस्तक म्हणून बाजूला ठेवू नकोस. सुझन कॉलिन्सच्या या 2008 सालच्या कादंबरीनं मला जिंकलं ते मारामारीनं नव्हे, चिठ्ठ्यांच्या हिशोबानं. टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या, एकमेकांना ठार मारायच्या खेळात कुठल्या मुलांना ढकलायचं, ते दरवर्षी चिठ्ठ्या काढून ठरतं. बाराव्या वर्षी प्रत्येक मुलाच्या नावाची एक चिठ्ठी, मग दरवर्षी एक वाढत जाते. घरात खायला नसेल तर जास्तीच्या चिठ्ठ्या टाकून वर्षभराचं धान्य-तेल घ्यायचं. म्हणून सोळा वर्षांच्या नायिकेच्या, कॅटनिसच्या 20 चिठ्ठ्या, तिचा मित्र गेलच्या तर 42! सोडत सगळ्यांना सारखी, पण मरण गरिबाच्याच दारात आधी येतं. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. वाक्यं छोटी आहेत, आणि कॅटनिस सगळं वर्तमानकाळात सांगते, म्हणजे पुढं काय होणार ते तिलाही ठाऊक नसतं. शब्दकोश न उघडता पहिली तीन प्रकरणं सलग वाच. प्रेमाच्या त्रिकोणात फार गुंतू नकोस. भुकेल्या पोरांना नटवून टीव्हीवर मिरवतात, तिथं मात्र रेंगाळ. सिनेमा नंतर बघ.

रविवारी गंगापूर रोडला आपण भेटू, तेव्हा बेकरीवाल्याच्या पोरानं, पीटानं, भुकेल्या कॅटनिसकडे पावसात फेकलेल्या त्या करपलेल्या पावांबद्दल मला तुझ्याकडून ऐकायचंय.