एस्प्रेसो यंत्राशिवाय घरी दाट कॉफी कशी करावी? मोका पॉटमधली कॉफी कडू आणि करपट का लागते?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. यंत्र न घेता घरी एस्प्रेसोसारखी कडक कॉफी होऊ शकते का, हा पहिला; आणि आपल्याकडच्या मोका पॉटमध्ये (आचेवर ठेवायचे भांडे, ज्यात खालचे पाणी वाफेच्या दाबाने कॉफीच्या पुडीतून वर चढते) केलेली कॉफी कडू, करपट का होते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर असे की दाट आणि दमदार कॉफी निश्चित होते, मात्र काटेकोर अर्थाने ती एस्प्रेसो नसते. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा दळण आणि आच या दोन गोष्टींत सापडते, आणि त्या दोन्ही सुधारण्यासाठी नवे यंत्र लागत नाही.

एस्प्रेसोमध्ये साधारण ९ बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे नऊपट, दाबाने ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी अतिशय बारीक, दाबून बसवलेल्या कॉफीतून २५ ते ३० सेकंदांत ढकलले जाते. आजची रूढ मात्रा १८ ग्रॅम पूड आणि कपात उतरणारे सुमारे ३६ ग्रॅम पेय अशी आहे. पुडीचा साधारण पाचवा भाग पाण्यात विरघळतो असे धरले, तर ३६ ग्रॅम पेयात ३.६ ग्रॅम कॉफी उतरते, म्हणजे दाटपणा सुमारे १० टक्के. कागदी गाळणीतून केलेल्या कॉफीत तो जेमतेम १.२ ते १.५ टक्के असतो. तीन कपांच्या मोका पॉटमध्ये १५ ग्रॅम पूड मावते आणि वर साधारण ११० ग्रॅम कॉफी येते. तोच हिशेब लावला तर दाटपणा पावणेतीन टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे मोका पॉटची कॉफी गाळणीच्या कॉफीच्या दुप्पट दाट असली, तरी एस्प्रेसोच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढीच असते. हे अंतर दाब आणि मात्रा यांमुळे पडते. कितीही कौशल्य वापरले तरी ते पूर्णपणे भरून निघत नाही.

मला येथे इतिहास थोडा दिलासा देणारा वाटतो. आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये तुरीन येथे पेटंट घेतलेले यंत्र आणि लुइजी बेत्झेरा यांचे १९०१ चे यंत्र ही दोन्ही वाफेच्या दाबावर चालत, आणि तो दाब दीड-दोन बारच्या आसपासच असे. १९३३ मध्ये अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून आलेला मोका पॉटही साधारण तेवढ्याच दाबावर काम करतो. कपावर फेसाचा तपकिरी थर, म्हणजे क्रेमा, दिसू लागला तो आकिल्ले गाज्जा यांच्या तरफेच्या यंत्रामुळे, १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात. आणि विजेच्या पंपाने ९ बार दाब देणारे फाएमा कंपनीचे ई-६१ हे यंत्र १९६१ मध्ये आले. तेव्हा क्रेमा नसलेली, वाफेच्या दाबावर काढलेली दाट कॉफी ही नकली एस्प्रेसो नव्हे. तिला एस्प्रेसोची जुनी पिढी म्हणणे अधिक योग्य ठरेल.

क्रेमाविषयी येथेच सांगून टाकतो, कारण त्यामागे लागून पुष्कळ लोक नको ते विकत घेतात. भाजलेल्या बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड जास्त दाबाखाली पाण्यात विरघळतो आणि दाब एकदम उतरला की सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. कॉफीतील तेले आणि इतर घटक त्या बुडबुड्यांना धरून ठेवतात. क्रेमा दिसली म्हणजे बिया ताज्या आहेत एवढे कळते, चवीची हमी मिळत नाही. नुसता तो थर चाखून पाहिला तर तो बराच कडू लागतो.

आता दळणाकडे वळू, कारण माझ्या मते घरच्या कॉफीवर खर्च करायचा असेल तर पहिला खर्च येथेच व्हावा. पात्याच्या ग्राइंडरमध्ये बिया दळल्या जात नाहीत, तुटतात. त्यातून पिठासारखी भुकटी आणि जाडसर तुकडे एकाच वेळी बाहेर येतात. भुकटीतून कडवटपणा भराभर उतरतो, जाड तुकड्यांचा अर्क अर्धवटच निघतो आणि आंबट राहतो, त्यामुळे एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही चवी येतात. मग पाणी, आच, वेळ काहीही बदलले तरी दोष जात नाही. दोन दातेरी चकत्यांमधून बी चिरडणारा ग्राइंडर, अगदी हाताने फिरवायचा असला तरी, हा गोंधळ पुष्कळ कमी करतो. तो घेणे शक्य नसेल तर पात्याचा ग्राइंडर थांबून-थांबून, मध्ये भांडे हलवत चालवावा आणि बारीक चाळणीतून भुकटी काढून टाकावी. मोका पॉटसाठी दळण बारीक मिठाएवढे किंवा त्याहून किंचित बारीक हवे. ‘एस्प्रेसो ग्राइंड’ असे लिहिलेली तयार पूड मोका पॉटसाठी बहुधा गरजेपेक्षा बारीक असते, आणि आपल्या कडवटपणाचे एक कारण तीच असण्याचा दाट संभव आहे.

मोका पॉट वापरताना खालच्या भांड्यात सुरक्षा झडपेच्या किंचित खालपर्यंत पाणी भरावे. फिकट किंवा मध्यम भाजणीच्या बियांसाठी हे पाणी आधीच उकळून घेतलेले असावे; गडद भाजणीसाठी ते कोमट असले तरी चालते, कारण गडद बियांतून अर्क चटकन उतरतो आणि अति उष्ण पाण्याने तो कडू होतो. गरम पाणी भरल्यास भांडे आचेवर कमी वेळ राहते आणि तेवढा वेळ कोरडी पूड तापत बसत नाही. (भांडे फडक्याने धरूनच फिरवून घट्ट करावे, हात भाजण्याचा प्रसंग नेमका येथेच येतो.) गाळणीची वाटी पुडीने काठोकाठ भरावी, बोटाने किंवा सुरीच्या मागच्या बाजूने सपाट करावी, परंतु दाबून बसवू नये. एस्प्रेसोत पूड दाबतात ती ९ बारच्या जोरावर. येथे दाब एवढा कमी असतो की घट्ट बसलेल्या पुडीतून पाणी वाट काढू शकत नाही, ते कडेने पळते किंवा झडप उघडते. याच कारणासाठी सहा कपांच्या भांड्यात तीन कपांची कॉफी करू नये. भांडे ज्या मापाचे आहे त्या मापानेच भरले तर त्याचे गणित जुळते.

आच मंद असावी आणि ज्योत बुडाच्या कडेबाहेर जाऊ नये. झाकण उघडे ठेवून पाहत राहिल्यास प्रथम गडद, मधासारखी संथ धार येते, हळूहळू ती फिकट होते आणि शेवटी फसफस, गुरगुर सुरू होते. हा शेवटचा टप्पा म्हणजे करपट चवीचे मूळ. खालचे पाणी संपत आलेले असते, वाफमिश्रित अति उष्ण पाणी आधीच अर्क निघून गेलेल्या चोथ्यातून वेगाने जाते आणि उरलेसुरले कडू घटक ओढून आणते. म्हणून धार फिकट पिवळी होऊ लागताच, गुरगुर सुरू होण्याआधी, भांडे आचेवरून उतरवावे आणि त्याचे बूड नळाच्या गार धारेखाली काही क्षण धरावे, म्हणजे वर चढणे तिथेच थांबते. खाली थोडे पाणी शिल्लक राहते. ते राहू द्यावे. वर जमलेली कॉफी ओतण्यापूर्वी चमच्याने ढवळून घ्यावी, कारण पहिली धार दाट आणि शेवटची पातळ असते आणि न ढवळता दोन कप भरले तर दोन्हींची चव वेगळी लागते.

मोका पॉट साबणाने धुऊ नये, तेलाचा थर साचू द्यावा, असा एक सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मान्य नाही. साचलेले तेल खवट होते आणि तो वास पुढच्या प्रत्येक कपात उतरतो. ॲल्युमिनियमचे भांडे डिशवॉशरमध्ये घालू नये हे खरे, परंतु हाताने सौम्य साबण लावून धुऊन पूर्ण कोरडे करण्यात काहीच गैर नाही. रबरी वॉशर कडक झाले किंवा जोडातून वाफ निसटू लागली तर ते बदलावे.

याहून दाट कॉफी हवी असेल तर एरोप्रेस हा चांगला पर्याय आहे. ॲलन ॲडलर यांनी २००५ मध्ये बाजारात आणलेल्या या प्लास्टिकच्या नळीत दाब मोका पॉटपेक्षाही कमी असतो, पण पाण्याचे प्रमाण आपल्या हातात असते आणि खरा फायदा तोच आहे. १८ ग्रॅम बारीक पुडीवर ८० मिली गरम पाणी घालून चांगले ढवळावे, एक मिनिट थांबावे आणि सावकाश दाबावे. सुमारे ५५ ते ६० मिली दाट कॉफी मिळते. एवढ्या कमी पाण्यात अर्क पूर्ण निघत नाही, त्यामुळे फिकट भाजणीची कॉफी आंबट लागू शकते. या पद्धतीला मध्यम किंवा गडद भाजणीच मानवते.

बियांबद्दल थोडक्यात. भाजल्याची तारीख छापलेल्या बिया घ्याव्यात, भाजल्यानंतर आठवडाभर थांबून वापरायला सुरुवात करावी आणि महिना-सव्वा महिन्यात संपवाव्यात. त्या हवाबंद डब्यात, उजेडापासून दूर ठेवाव्यात. कडकपणा म्हणजे आपल्याला कॅफिनचा जोर अपेक्षित असेल तर तो भाजणीतून येत नाही, बियांच्या जातीतून येतो. रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असते. दूध घालून पिणाऱ्यांनी अरेबिकात थोडी रोबस्टा मिसळलेली पाहावी, तिचा भरीव कडवटपणा दुधातही टिकतो. एका एस्प्रेसोत, म्हणजे ३० मिलीत, कॅफिन साधारण ६० ते ६५ मिलिग्रॅम असते. गाळणीच्या मोठ्या कपात ते एकूण याहून जास्तच भरते.

दुधाचे प्रमाणही दाटपणाप्रमाणे बदलावे लागते. एस्प्रेसोच्या चौपट-पाचपट दूध घालूनही कॉफी जाणवते, मोका पॉटच्या कॉफीत मात्र बरोबरीने किंवा फार तर दीडपट दूध घालावे. दूध ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवावे. त्यापुढे त्याचा गोडवा कमी होऊन उकळल्याचा वास येऊ लागतो.

एवढे करूनही खऱ्या एस्प्रेसोचा दाटपणाच हवा असेल, तर १५ किंवा २० बारचा आकडा छापलेल्या स्वस्त यंत्राच्या मोहात पडू नये. तो आकडा पंपाच्या कमाल क्षमतेचा असतो आणि कॉफीला ९ बार पुरतात. अशा यंत्रांत बहुधा दुहेरी तळाची जाळी असते. ती एका बारीक छिद्रातून कॉफी जोराने बाहेर काढून फेस तयार करते, त्यामुळे दळण कसेही असले तरी क्रेमा आल्याचा भास होतो. पंपच नसलेली, केवळ वाफेवर चालणारी यंत्रे तर विजेचा मोका पॉटच होत. त्यापेक्षा हाताने तरफ दाबून चालवायचे छोटे यंत्र मी सुचवेन. त्यात विजेचे काही नसते, हाताच्या जोराने ६ ते ९ बार दाब सहज मिळतो आणि बिघडण्यासारखे भाग थोडे असतात. मात्र ते पुरते तापवून घ्यावे लागते, दशांश ग्रॅम दाखवणारा काटा लागतो, आणि एस्प्रेसोइतके बारीक व एकसारखे दळणारा ग्राइंडर आधी हाताशी असावा लागतो. धार भसकन आली आणि कॉफी आंबट लागली तर दळण बारीक करावे. थेंब-थेंब येऊन कडू लागली तर जाड करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि मात्रा, म्हणजे १८ ला ३६, तोवर तशीच ठेवावी.