पुरात बुडालेला के-1000: दुरुस्ती की दुसरा?

वडिलांचा पेंटॅक्स के-1000 हा फिल्म कॅमेरा दीड दिवस पुराच्या पाण्यात होता, आता रोल पुढं सरकवायचा लिव्हर फिरत नाही, दुरुस्त करू की सेकंडहँड दुसरा घेऊ, असं तुम्ही विचारलंय. आधी एक विनंती: लिव्हरवर जोर देऊ नका. आतल्या गिअरच्या दात्यांत गाळ वाळतोय. साफसफाईनं सुटण्यासारखं काम जोर लावल्यानं तुटेल. कुलपांवर मारायचा तेलाचा स्प्रे अजिबात नको, ते तेल झिरपत शटरच्या पडद्यावर जातं. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका. बॅटरी काढा, लेन्स वेगळी करा. आत रोल असेल तर पूर्ण अंधारात काढून स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा आणि प्रकाश न लागू देता तसाच लॅबला पोचवा. ओला रोल वाळला की फिल्मचे वेढे एकमेकांना चिकटतात, मग वडिलांचे फोटो गेले.

2019 ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आमचा तळमजला चार दिवस पाण्यात होता. कपाटात माझे के-1000 आणि कॅनन एई-1 हे दोन कॅमेरे शेजारी शेजारी होते. दोन्हींचा तळाचा पत्रा उघडला तेव्हा आत करडा गाळ दुधावरच्या सायीसारखा बसला होता, नखानं खरवडला तर पापुद्रा निघायचा. एई-1 चं शटर बॅटरी आणि सर्किटशिवाय हलत नाही. त्याच्या सर्किटवर हिरवा गंज चढला होता, तो मी सोडून दिला. के-1000 चं शटर पूर्ण यांत्रिक, बॅटरी फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. पुण्यातल्या एका जुन्या कारागिरानं तो सुटा करून धुतला, ग्रीस बदललं. मीटर गेला तो गेलाच, पण मी आजही त्यावर रोल काढतो, प्रकाश मोबाइलवर मोजतो.

म्हणून तुमचा कॅमेरा उघडून बघितल्याशिवाय टाकू नका. कारागिराला दोनच गोष्टी विचारा: कापडी पडदा आखडलाय का, आणि ज्यातून आपण दृश्य बघतो त्या प्रिझमचा चांदीचा मुलामा सुटलाय का. दोन्ही गेलं असेल तर मी दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेईन. हे मॉडेल 1976 ते 1997 अशी एकवीस वर्षं बनलं, त्यामुळे चालू बॉडी शोधली तर मिळते. एकच बिघडलं असेल, आणि खर्च चालू बॉडीच्या निम्म्याच्या आत असेल, तर दुरुस्तच करा. वडिलांचा आहे म्हणून मी निम्म्याच्या थोडं पुढंही जाईन.

लेन्सचा हिशेब मात्र वेगळा. टॉर्च मारून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर लवकर साफ करून घ्या, कारण ती काचेवरचा थर खाते. लेन्स वाचली तर कुठल्याही के-माउंट (पेंटॅक्सची लेन्स अडकवायची पद्धत) बॉडीवर बसेल.

कॅमेरा परत घेताना शटर 1 सेकंदावर ठेवून कॅमेरा कानाशी धरा आणि बटण दाबा. गिअरची घरघर एकसारखी आली पाहिजे. मध्येच अडखळली तर आत अजून गाळ आहे, पैसे देण्याआधी परत उघडायला लावा.