अर्जात गोळ्यांचं लिहू का?

"मॅडम, मी स्वतः गोळ्या घेतो, हे अर्जात लिहू का?"

खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यानं विचारलं. खानापूर तालुक्यातला तिशीतला वार्ताहर, बेळगावच्या एका मराठी दैनिकाला बातम्या पाठवतो. (त्याच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) मानसिक आरोग्यावर लिहिणाऱ्या पत्रकारांसाठीच्या एका फेलोशिपची जाहिरात त्यानं पाहिली होती. मुदतीला अकरा दिवस उरले होते. दीड वर्षापूर्वी त्याला नैराश्यानं गाठलं होतं आणि उपचार अजून चालू होते.

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. नोकरीचा अर्ज भरणारे विचारतात, लग्न ठरलेली मुलं-मुली विचारतात. सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही, म्हणून मी आधी मसुदा मागते.

पहिलं पानभर त्याचा आजारच होता. उडालेली झोप, गोळ्यांची नावं, बायकोचं रडणं. बातमी कशावर करणार, हे शेवटच्या चार ओळींत उरकलं होतं.

"शिफारसपत्र संपादकांकडून घेणार ना? त्यांनी हे पान वाचलं तर चालेल?"

तो गप्प झाला. मग फोल्डरच्या मागच्या कप्प्यातून त्यानं एक कात्रण काढलं. घड्यांवर कागद विरला होता. तीन वर्षांपूर्वीची, एका शेतकऱ्याच्या आत्महत्येची त्याचीच बातमी. चार कॉलमी मथळा, त्यातच आत्महत्या कशी केली ते, खाली घराचा फोटो आणि 'कर्जाला कंटाळून' हे एकमेव कारण. माहिती पोलीस ठाण्यातून घेतलेली. पुढे त्या शेतकऱ्याचा मुलगा बाजारात भेटला आणि एवढंच म्हणाला, "तुमी आमच्या घरात आलाच नाहीत. मग कारण कुणी सांगितलं तुमाला?"

तेव्हा मला त्या पहिल्या पानाचा अर्थ लागला. अर्जाच्या नावाखाली हा माणूस स्वतःला शिक्षा करून घेत होता.

वृत्तपत्रांच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलनं सप्टेंबर २०१९मध्येच मार्गदर्शक सूचना दिल्यात : आत्महत्येच्या बातमीत पद्धतीचं वर्णन नको, ठिकाणाचा तपशील नको, सनसनाटी मथळा नको, फोटो नको. अशा तपशिलांनी आधीच खचलेल्या वाचकाला धोका वाढतो, आणि संकटातून सावरलेल्या माणसाची गोष्ट त्याला आधार देऊ शकते, हे अभ्यासातून पुढे आलं आहे. हा कागद त्याला आजवर कुणी दाखवलाच नव्हता. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीमागे पैसे मिळतात, शिकवणार कोण? मला याचा खरंच संताप येतो.

हे विषय दिल्ली-मुंबईच्या इंग्रजी पत्रकारांचे, असंही त्याच्या मनात होतं. मी त्याला सांगितलं, अमेरिकेत माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पत्नी रोझलिन कार्टर यांच्या नावानं अशी फेलोशिप १९९६मध्ये सुरू झाली. मानसिक आजारांवरचे उपचार जिल्ह्याजिल्ह्यांत पोचवणारा आपल्या सरकारचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही त्याच वर्षीचा, आणि त्याचा नमुना आधी उभा राहिला तो याच कर्नाटकात, बळ्ळारी जिल्ह्यात. तो पहिल्यांदा ताठ बसला.

मग शेजारच्या मावशींची गोष्ट निघाली. परगावच्या दवाखान्यात डॉक्टर कन्नड बोलणारे, मावशींना मराठीशिवाय येत नाही. मुलगा दुभाषी. मावशी दहा मिनिटं सांगत होत्या, जीव कसा घुसमटतो, घरात कुणाची भीती वाटते. मुलानं डॉक्टरांना सांगितलं, "निद्दे बरल्ल." झोप येत नाही. संपलं. भीती त्या मुलाचीच होती.

"हे कुठं लिहिलंय अर्जात?" मी विचारलं.

"हे तर आमच्याकडचं रोजचंच आहे, मॅडम."

निवड करणाऱ्यांना विषय, तो तुम्हीच का करणार, कसा आणि किती दिवसांत, हे वाचायचं असतं. सीमाभागातला, दोन्ही भाषा कानात असलेला वार्ताहर ही गोष्ट करू शकतो. आजाराबद्दल मी त्याला म्हटलं, "लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण निवड झाली नाही तरी तो कागद परत येत नाही. उद्या गावात कुणी तोंडावर विचारलं तर न अडखळता सांगता येईल, तेवढंच लिहा." आजार लपवला म्हणजे खोटं बोललो, असं होत नाही. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा उपचारांबाबतची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानतो. मावशींनाही तेच लागू आहे, त्यांच्या होकाराशिवाय एक ओळ नाही.

एका बाबतीत मात्र मी कडक झाले. बोलता बोलता कळलं की जागून अर्ज लिहिता यावा म्हणून तो रात्रीची गोळी चुकवत होता. "अर्ज राहिला तरी चालेल," मी म्हटलं, "गोळी नाही." समोर बसूनच डॉक्टरांना फोन करायला लावला.

अर्ज वेळेत गेला. आजाराचं त्यानं लिहिलं नाही, संपादकांना मात्र तोंडी सांगितलं. निकाल लागायचा आहे, पण मावशींची गोष्ट तो करतोच आहे. त्यांनी होकार दिलाय, एका अटीवर : लिहून झालं की आधी त्यांना वाचून दाखवायचं, मुलगा घरात नसताना.